चौथा कोपरा

केंटकीच्या डोंगरात त्या सकाळी इतकं दाट धुकं होतं, की पर्मेलिया स्ट्राउडला अंगणातली विहीरही दिसेना. मोजणीदार कोल्डायरनकाका एकटेच आले. त्यांचा साखळीवाला तापाने आडवा पडला होता.

"मोजणीच्या साखळीचं मागचं टोक मी धरते," ती म्हणाली. सोमवारी कोर्टात जमिनीचा चौथा कोपरा दाखवता आला नाही, तर घर आणि वडिलांची कबर असलेली ही टेकडी कोळसा कंपनीकडे जाणार होती.

"तुझा पणजा भारी माणूस, पोरी," अंगणातल्या तिसऱ्या कोपऱ्यावर साखळी उलगडत काका म्हणाले. "तीन हजार एकर आपले म्हणून कोपऱ्यांच्या झाडांवर कुऱ्हाडीचे तीन-तीन घाव घातले. कागदावर मात्र एक रेघ नाही!"

"रेघ मोजायलाच तर गेला होता, काका..."

ती गोष्ट घराण्यात सगळ्यांना पाठ होती. पणजोबा जेथ्रो स्ट्राउड अशाच धुक्यात मोजणीला निघाला. साखळीचं पुढचं टोक त्याच्या साखळीवाल्याकडे, अ‍ॅबसलमकडे होतं. रेघ पुरी होईपर्यंत टोक सोडणार नाही, अशी दोघांनी बायबलवर शपथ घेतली होती. संध्याकाळी जेथ्रो एकटाच परतला. चौथ्या कोपऱ्याबरोबर स्ट्राउडांचं ऐश्वर्य गेलं, असं सगळे हळहळून सांगत. अ‍ॅबसलमसाठी कोणी हळहळत नसे.

काका धुक्यात शिरले. साखळी ताणली गेली की ती ओरडे, "थांबा!" पलीकडे खुंटी ठोकली जाई आणि हाक येई, "रोवली!" मग ती पुढे जाऊन ती खुंटी उपटे आणि एप्रनच्या ओच्यात टाके.

तिसऱ्या खुंटीनंतर काकांचा आवाज बारीक झाला. कुजक्या पाल्याचा वास दाटला. लोकरी हातमोज्यांत तिची बोटं बधिर झाली होती. खुंट्या आता हलक्या लागत होत्या, एवढंच तिला जाणवलं.

अकरावी खुंटी बीचच्या एका जुनाट झाडाच्या बुंध्याशी होती. खोडावर तीन घाव.

"काका! कोपरा सापडला!"

उत्तर मागून आलं. काका काठी टेकत, लंगडत येत होते.

"बहिरी आहेस का गं? तिसऱ्या खुंटीलाच पाय मुरगळला माझा. साखळी सुटली हातातून... तुझं 'थांबा' ऐकत ऐकत आलोय."

त्यांच्या मुठीत उरलेल्या सात लोखंडी खुंट्या होत्या.

तिने ओचा उघडला. तीन लोखंडी. बाकीच्या आठ हिकरीच्या झाडाच्या काठ्या, नुकत्याच सोललेल्या, चिकाने ओल्या.

साखळी झाडाच्या पलीकडे, धुक्यात, ताठ गेली होती.

"सोड ती, पोरी..." काका कुजबुजले.

इथेच पणजोबांनी सोडली असणार. तिने टोक दोन्ही हातांनी धरलं.

"रेघ पुरी झाली, अ‍ॅबसलम," ती म्हणाली. "ये आता..."

बराच वेळ काहीच हललं नाही. मग साखळी सैल पडली. एकेक कडी हातावर गोळा करत, सावकाश, कोणीतरी झाडाकडे येऊ लागलं.

पर्मेलियाने टोक सोडलं नाही.