चार ठोके

आमच्याकडे नदीवर जायच्या आदल्या दिवशी बूट धुतात. एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवायचे, ब्रशनं घासायचे आणि उन्हात खडखडीत वाळवायचे. नद्यांचं पाणी मोजणं हीच माझी नोकरी, त्यामुळे आमच्या घरात हा नियम जरा जास्तच पाळला जातो. त्या शुक्रवारी टिली अंगणात बसून बूट घासत होती आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्याकडे बघत होते. ब्रश दोनदा फिरवला की ती मान वळवून मागे बघायची. मागे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या मेंढ्या. पुन्हा ब्रश, पुन्हा मागे.

पाच वर्षं हे असंच चाललं होतं. जिना चढताना, सायकल चालवताना, वर्गात, जेवताना. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, डोक्यानं तल्लख आहे, आणि धड दहा पावलं सरळ चालू शकत नव्हती. डॉक्टर झाले, समुपदेशन करणाऱ्या बाई झाल्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "मागं कोण असतं गं?" मी एकदा न राहवून विचारलं होतं.

"कुणी नसतं," ती म्हणाली. "म्हणून तर बघते."

तिनं मागे बघणं थांबवावं, एवढीच एक गोष्ट मला जगात हवी होती. त्यासाठी मी काहीही दिलं असतं.

आमच्या डोंगरातल्या नद्या फार नितळ. ट्राउट मासा आधी डोळ्यांनी शोधायचा आणि मगच त्याच्यापुढे दोर टाकायचा, अशी इथली रीत. त्याला दोघं लागतात. एकजण रॉड घेऊन पाण्यात आणि दुसरा त्याच्या मागे, उंच काठावर. पाण्यात उभं राहिलेल्याला चकाकीपुढे काही दिसत नाही, काठावरच्याला मात्र माशाच्या कल्ल्यांची उघडझाप दिसते. तो सांगेल तिकडे दोर टाकायचा. पाण्यातल्यानं मागे वळून बघायचं नाही, कारण वळलं की तोंड चमकतं आणि मासा निघून जातो. बघायचं काम काठावरच्याचं. हे आमच्या बाबांनी मला आणि माझ्या भावाला, कॅलमला, इतक्या लहानपणी शिकवलं की तो नियम आहे हेसुद्धा आम्ही विसरलो होतो.

बाबांचा आवाज दरीच्या पलीकडे पोचायचा. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मासेमारी सोडणाऱ्यातले ते नव्हते. त्यांनी नदीतले दोन हिरवट गोटे निवडले, खिशात ठेवले आणि काठावरून ते एकमेकांवर ठोकायला लागले. एक ठोका म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे. तीन म्हणजे मासा लागला, रॉड उचल. चार म्हणजे झालं, बाहेर ये. चार ऐकल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी ड्रायबर्न नदीवर, पाटीच्या डोहात टिली उभी होती आणि काठावर तिचे आजोबा होते. अकरा वर्षांची पोर, पण बाबांची लाडकी चेली. ठोके येत होते, मग यायचे थांबले. टिलीला वाटलं, मासा बिथरलाय, आजोबा वाट बघतायत. ती थांबली. मागे बघायचं नाही, म्हणून नाही बघितलं. पाय बधिर होईपर्यंत थांबली. खालच्या वळणावरून कॅलम आला तेव्हा काठ मोकळा होता. त्यानं तिला उचलून बाहेर आणलं. बाबा कधी घसरले, कुठे पडले, कुणाला कळलं नाही. पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आलं. बाबा काही मिळाले नाहीत.

या फेब्रुवारीत टिली आपण होऊन म्हणाली, "मला पाटीच्या डोहात उभं राहायचंय. एकदाच. चार ऐकायचेत आणि बाहेर यायचंय."

"चार देणार कोण?"

"तू दे."

मला ते पटलं. ज्या दाराशी माणूस अडकलंय तिथूनच त्याला बाहेर काढायचं, यात न पटण्यासारखं काय होतं? मी नदीतून दोन गोटे आणून ठोकून बघितले. बाबांच्या गोट्यांचा आवाज खोल आणि बंद होता, मडक्याच्या बुडावर टिचकी मारावी तसा. माझ्या गोट्यांचा कोरडा. पण चालण्यासारखा होता.

शनिवारी सकाळी कॅलम वेस्टपोर्टहून त्याची गाडी घेऊन आला. तो नळजोडणीचं काम करतो आणि सगळ्या जगाला एक गळका नळ समजतो.

"मामा, तीच टोपी? अजून?" टिलीनं विचारलं.

"ट्राउट हिला ओळखतात. मान देतात."

"ओळखतात म्हणूनच पळतात."

"बघ गं नेस, तुझी पोरगी. मी हिला आल्याच्या वड्या देणार होतो."

मर्चिसन गाव गेलं, डांबर संपलं. मागच्या सीटवर टिली गुडघ्यांवर उलटी बसून मागच्या काचेतून धूळ बघत होती. कॅलमनं आरशात बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर वळवली. त्याच्याही जिवाला ते लागलेलं आहे. तिला बाहेर काढलं त्यानं, पण त्याबद्दल आम्ही कधी बोलत नाही.

झुलत्या पुलापाशी गाडी ठेवून आम्ही बीच झाडांच्या रानातून वर निघालो. झाडांची खोडं काळी पडलेली, हवेत मधाचा वास, आणि सिकाडा किड्यांचा असा गजर की बोलायला ओरडावं लागत होतं. चावरी चिलटं कानामागे बसत होती. एका वळणावर वेका पक्ष्यानं कॅलमचा मोजा पळवला आणि तो त्याच्यामागे शिव्या देत झुडपात शिरला. टिली हसली. ती हसली की बाबांसारखी दिसते.

पाटीचा डोह दुपारच्या उन्हात पडून होता. एका बाजूला शाळेच्या पाटीसारखा काळा सपाट खडक, त्याच्या डावीकडे पाणी एकदम खोल आणि शाईसारखं. दोन आठवडे पाऊस नव्हता. इतक्या कमी पाण्यात तळाचे दगड हलत नाहीत. दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो तो पुरात. हे मी उगीच म्हणत नाही, याचाच मला पगार मिळतो.

कॅलम खाली वाळूवर चहाचा थर्मास उघडून बसला. मी वर काठावर बसले, तिथून तो मला स्वच्छ दिसत होता. टिली पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी हात केला. मग तिनं तोंड पुढे केलं.

मी मासा शोधला. खडकाच्या कडेला एक मोठा तपकिरी ट्राउट आरामात डुलत होता. तिच्या जरा डावीकडे. मी गोटे उचलले.

टोक.

माझे दोन्ही हात हवेत होते, दोन गोट्यांमध्ये वीतभर अंतर. टिलीनं दोर डावीकडे टाकला. गळावरचा, हरणाच्या केसांचा बनवलेला खोटा सिकाडा पाण्यावर अलगद बसला, मी सांगितला असता त्याहून नेमका.

सिकाडांचा गजर थांबला होता. कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही.

टोक. आवाज खोल आणि बंद होता. कुठून आला म्हणाल, तर माझ्या बाजूनं. मी बसले होते त्याच काठावरून. मी मागे बघितलं. नेचे होते, काळी खोडं होती. खाली कॅलम सँडविच खात होता.

टिली एक पाऊल डावीकडे सरकली. पाणी तिच्या मांड्यांना लागलं. मासा तिथे नव्हता. मासा आता उजवीकडे गेला होता, मला दिसत होता.

टोक. आणखी एक पाऊल.

मी माझे गोटे ठोकले. चार, एकेक, स्वच्छ.

टिली हलली नाही. मागे न बघता म्हणाली, "हे तुझे, आई."

"टिली, बाहेर ये."

"थांब ना. ते देतायत."

टोक.

पाणी तिच्या कमरेला आलं. पुढे ती शाई होती.

मी गोटे टाकले आणि काठावरून घसरत खाली गेले. पाण्यातून तिच्यापर्यंत पोचले आणि तिच्या जाकिटाला धरलं. ती थरथरत नव्हती. तिचा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

"चल."

"चार झाल्याशिवाय नाही. मागच्या वेळी मामानं मला तसंच काढलं. ते तिथंच थांबलेत, आई. मी बाहेर आलेली त्यांना माहीतच नाही."

"टिली, बाळा, तिथं कुणी नाही."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"बघायचं नसतं," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पाण्यात कुणीतरी उभं असलं म्हणजे झालं. मग ते काही म्हणत नाहीत."

तिला ओढून नेण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती, आणि डावीकडे एक पाऊल घसरलं असतं तर आम्ही दोघी गेलो असतो. हट्टाला पेटलेल्या पोराशी बोलावं तसं मी बोलले. "बरं. रॉड दे इकडे. मी उभी राहते तुझ्या जागी. तू जा."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "नक्की?"

"नक्की."

तिनं रॉड माझ्या हातात दिला आणि गेली. तिच्या बुटांखाली गोटे सरकल्याचे आवाज मी ऐकले, मग वाळू, मग काही नाही.

शोभेल इतका वेळ थांबायचं आणि निघायचं, असं मी ठरवलं होतं. ती कॅलमपाशी पोचू दे, मग. समोर ऊन होतं, चकाकी होती, मासा मला दिसत नव्हता.

टोक, टोक.

खोटं कशाला सांगू. मी दोर उजवीकडे टाकला. हात आपोआप गेला, लहानपणी जायचा तसा.

पाणी फुगलं आणि मिटलं.

टोक, टोक, टोक.

मी रॉड उचलला. मासा लागला होता.

तो जड होता, शहाणा होता, फार पळाला नाही. पाण्यातच त्याच्या तोंडातला गळ सोडवला, पोटाखाली हात धरून त्याला प्रवाहाकडे वळवलं आणि जाऊ दिलं. मग मी उभी राहिले. माझी पाठ काठाकडे होती. मागे कुणी नाही हे मला ठाऊक होतं, मी स्वतः तिथून उतरले होते. तरीही मी वळले नाही, आणि वळावंसं वाटत नव्हतं असंही नाही.

मी चारची वाट बघत होते.

सिकाडा पुन्हा सुरू झाले. "नेस, चहा गार होतोय," कॅलमची हाक आली. मी काठाकडे गेलेच नाही. पाण्यातूनच प्रवाहाबरोबर खाली चालत गेले आणि वाळूवर चढले.

टिली आल्याची वडी खात होती. तिसरी, असं कॅलमचं म्हणणं. "सरळ चालत आली बघ," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "एकदाही मागं बघितलं नाही. एकदाही नाही, नेस." मग नाक पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पण तू वर बसून किती ठोकत होतीस! माशाला तार पाठवत होतीस का?"

"हो," मी म्हणाले.

"आणि मासा लागला तेव्हा कोण ठोकत होतं? पोरगी तर इथं माझ्याजवळ होती."

टिलीनं त्याच्या हातात थर्मासचं झाकण दिलं. "मामा, चहा ओत."

त्याला आता तीन महिने झाले. टिली रात्रभर झोपते. सायकलवर शाळेत जाते, मैत्रिणींशी फोनवर खिदळते, जिना धडाधडा उतरते. मी खिडकीत उभी राहून तिला फाटकापासून वळणापर्यंत जाताना बघते, आणि ती सरळ पुढे बघत जाते. मला फार सुख वाटतं. मागितलं ते मिळालं, आणि मिळतं तेव्हा किंमत विचारायची नसते.

काल संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि टिली शेजारी उभी राहून ती पुसत होती. कॅलमच्या नव्या टोपीवरून काहीतरी गंमत सांगत होती. माझ्या पाठीमागे, जेवणाच्या टेबलाच्या अंगाला, आवाज झाला.

टोक.

मी हातातली ताटली डावीकडे ठेवली.

टिली बोलता बोलता थांबली. बशी उजेडात धरून डाग राहिलाय का बघितलं आणि पुन्हा पुसली.

"झाले का गं चार?"

"नाही अजून."

"मग मागं बघू नकोस हं," ती मायेनं म्हणाली आणि पुढची बशी घेतली.