दीर आला की गाडी बंद

"बाई, आज ड्रेसिंगला उशीर होईल. गाडी मेली. आणि कोणी मारली ते मला पक्कं माहितीये!"

एवढं बोलून नर्सने फोन ठेवून दिला.

सर्व्हेअरबाईंचा चहा तसाच राहिला. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्या घरात अडकून पडल्या होत्या आणि त्यामुळे भलत्याच वैतागल्या होत्या. उभा जन्म विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या तपासण्यात गेलेला. समोरचा माणूस खोटंच बोलतोय असं धरून चालायचं, ही खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. दूधवालासुद्धा त्यांच्या दारात फार वेळ थांबत नसे.

नर्स बसने आली, घामाघूम. ती घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची, पट्ट्या बदलायची. तिचे पेशंट शहराच्या चार टोकांना पसरलेले. नवरा बोटीवर नोकरीला, घरात सासरे आणि ती.

"कोणी मारली गाडी?" बाईंनी पाय पुढे केला.

"माझ्या दिराने."

"पुरावा?"

"तो घरी आला की गाडी बंद पडते. एकदा नाही, तीनदा झालं. सकाळची फेरी करून मी गाडी नीट उभी करते. सुट्टी असली की तो जेवायला येतो, दुपारभर मॅच बघत लोळतो. संध्याकाळी मी निघते तर गाडी ठार! दार उघडत नाही, स्क्रीन काळी."

"गाडी कुठली? ती बॅटरीवर पण चालते आणि पेट्रोलवर पण, तीच ना?"

"हो. रात्री घरीच चार्जिंगला लावते. सगळ्या फेऱ्या बॅटरीवर होतात."

"चार्जिंगचा प्लग अडकतो?"

"नाही."

"पेट्रोल टाकीत पडून राहून जुनं झालंय? इंजिन खोकतं?"

"छे. महिन्यातून एकदा लांब फिरवून आणते, तुम्हीच सांगितलं होतंत ना."

"रस्त्यात कधी दगा दिलाय?"

"एकदाही नाही. बंद पडते ती घरीच. आता तुम्हीच सांगा!"

बाईंनी उलट विचारलं, "दुरुस्ती कोण करतं?"

"माझा दादा. त्याचं गॅरेज आहे. पहिल्या दोन वेळा तो धावत आला, कसल्याशा वायरी जोडल्या, पाच मिनिटांत गाडी सुरू. काल मात्र ओढूनच घेऊन गेला. म्हणतो, मोठी बॅटरी संपली. नवी घालायची तर गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च, आणि वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली." तिने जुनी पट्टी ओढून काढली. "तोच म्हणाला, हे आपोआप झालेलं नाही, घरातल्याच कोणाचा तरी हात आहे. आणि दीर तर कधीपासून टुमणं लावून बसलाय, 'वहिनी, ही दोन-दोन इंजिनांची भानगड विकून टाका.' शिवाय खुंटीवरची दुसरी चावी गायब आहे. काल मी त्याला सांगून टाकलं, या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

"तो काय म्हणाला?"

"टोपी घातली आणि गेला."

"आता गाडीचं काय?"

"दादाने गिऱ्हाईक आणलंय. भंगारापेक्षा बरे पैसे देतोय. आज संध्याकाळी सह्या. मग निम्मे पेशंट सोडावे लागतील, बाई. बसने किती जणांकडे पुरी पडणार मी?"

बाईंनी वॉकर पुढे ओढला. "टॅक्सी बोलाव."

"अहो, तुमचा गुडघा!"

"गुडघा माझा आहे. बोलाव म्हटलं ना."

गॅरेज ऐसपैस होतं. वंगणाचा वास, भिंतीला टेकवलेले टायर, कोपऱ्यात कव्हराखाली एक गाडी. कव्हर एका बाजूने सरकलं होतं. नर्सच्याच गाडीचं मॉडेल, फक्त रंग राखाडी.

बाई वॉकर टेकवत मधोमध उभ्या राहून ते बघत होत्या. एवढ्यात नर्सने त्यांचा दंड धरून खस्सकन ओढलं. मागून पांढरी गाडी थेट वॉकरपाशी येऊन थांबली होती.

"हॉर्न द्यायला हात दुखतात का रे?" बाई कडाडल्या. धुण्याच्या जागेवरून गाडी घेऊन आलेला मेकॅनिक ओशाळला.

"हीच माझी गाडी," नर्स म्हणाली.

भाऊ हात पुसत बाहेर आला. हसतमुख, गोड बोलणारा. "या या! अगं, पेशंटला कशाला दमवलंस?"

"मलाच यायचं होतं," बाई म्हणाल्या. "बॅटरी किती गेलीय?"

"पार गेली. आत पाणी झिरपलंय. चार्जच धरत नाही."

"मग आत्ता गाडी आली कशी?"

"पेट्रोलवर. इंजिन आहे म्हणून निदान गॅरेजमध्ये तरी फिरते."

"अस्सं," बाई म्हणाल्या. आणि गाडीत डोकावल्या.

ड्रायव्हरशेजारची सीट पार मागे पाडलेली होती. डोकं टेकायच्या उशीवर तेलाचा गोल डाग.

"बघा, इथेच लोळत असणार तो!" नर्स फणफणली.

बाईंनी बटण दाबलं. रेडिओ एवढ्या जोरात केकाटला की मेकॅनिकच्या हातातला पाना पडला. जुनी गाणी.

"तू ऐकतेस ही?"

"मी? मी रेडिओ लावतच नाही. माझ्या कानाला दिवसभर फोन असतो."

बाईंनी रेडिओ बंद केला आणि नर्सकडून दिराचा नंबर घेतला. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "वडिलांना घेऊन ताबडतोब गॅरेजवर या. आला नाहीत तर चोर तुम्हीच, असं मी धरून चालेन."

तासाभरात दोघे आले. सासरे काठी टेकत, चापूनचोपून भांग पाडलेले. दीर मागे, तोंड पाडून. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. डोक्यावर औषधाला केस नव्हता.

नर्सने मान फिरवली.

"बसा सगळे," बाई म्हणाल्या. "मला उभं राहवत नाही, त्यामुळे थोडक्यात सांगते. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी पळवते. लहान बॅटरी साध्या गाडीत असते तसलीच. दारं, स्क्रीन, रेडिओ तिच्यावर. आणि मोठीला जागं करायचं कामही तिचंच. लहान संपली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी दगड. बाहेरून वायरी जोडून लहानीला जरा जोर दिला की पुन्हा ठणठणीत. पाच मिनिटांत."

नर्सने भावाकडे पाहिलं. भाऊ हसला. "बाई, लहान बॅटरी उगाच कशी संपेल?"

"उगाच नाही. आजोबा, सुट्टीच्या दिवशी मॅचचा आवाज किती मोठा असतो हो?"

सासऱ्यांनी काठीची मूठ चोळली. "अहो, कान फाटतात! हा एकेका फटक्याला ओरडतो. घरात बसवत नाही."

"मग कुठे बसता?"

म्हातारबुवांनी खिशातून चावी काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली. "गाडीत. गाणी ऐकतो. तू रागावशील म्हणून बोललो नाही, पोरी. मी चालवत नाही काही, नुसतं बटण दाबतो."

"तीच तर गंमत," बाई म्हणाल्या. "ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की रेडिओ लागतो, पण मोठी बॅटरी झोपलेलीच राहते. दुपारभराचा सगळा भार लहानीवर, आणि ती आधीच जुनी झालेली. दीर आला की मॅच लागते, मॅच लागली की आजोबा गाडीत, आजोबा गाडीत गेले की गाडी बंद. सीटवर तेलाचा डाग आहे. आता यांच्या डोक्याला तेल कोण लावणार?"

दिराने हात टकलावरून फिरवला. कोणी हसलं नाही.

"बाबा, अहो, काल तरी बोलायचं होतंत!" नर्स रडवेली झाली. "मी भाऊजींना नाही नाही ते बोलले. तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात."

"मला कुठे ठाऊक, रेडिओने गाडी मरते म्हणून? तुझा दादा तर म्हणत होता आत पाणी गेलंय."

"हां, आता पाण्याकडे येऊ," बाई म्हणाल्या. त्यांनी वॉकरचं तोंड भावाकडे वळवलं. "मघाशी ही गाडी माझ्या पाठीत शिरत होती. मी चिडले, पण कशावर चिडले? मला ती ऐकूच आली नाही. माझा गुडघा गेलाय, कान शाबूत आहेत. पेट्रोलवर आली असती तर इंजिन घुरघुरलं असतं. ती गुपचूप आली. म्हणजे कशावर आली?"

मेकॅनिक पुटपुटला, "बॅटरीवर. चांगली भरलेली दाखवत होती."

"तू गप रे!" भाऊ ओरडला. आणि ओरडल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते गेलंच.

"वायरी जोडल्या तेव्हाच तुम्हाला दोष कळला होता," बाई म्हणाल्या. "नवी लहान बॅटरी घालून मोकळं व्हायचं होतं, एका दिवसाचं काम. पण त्या कोपऱ्यातल्या राखाडी गाडीची मोठी बॅटरी खरंच गेलेली आहे, हो ना? नवी परवडत नाही. मग बहिणीची गाडी भंगारात काढायची आणि तिची धडधाकट बॅटरी तिकडे बसवायची. आज येणारं गिऱ्हाईक म्हणजे त्या राखाडी गाडीचाच मालक असणार. तिने जास्त खोलात जाऊ नये, म्हणून दिराकडे बोट दाखवलंत."

भाऊ टायरांच्या चवडीवर बसला. "गॅरेजचं भाडं थकलंय गं. तुला पैसे देणारच होतो ना, फुकट कुठे घेत होतो?"

नर्स त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"दादा, अडचण सांगितली असतीस तर अंगावरचं सोनं काढून दिलं असतं मी. तू माझं काम काढून घेत होतास. आणि वर माझ्याच तोंडून भाऊजींना घराबाहेर काढलंस."

ती दिराकडे वळली. "भाऊजी, चुकले मी. फार वाईट बोलले. घरी चला."

दिराने टोपी डोक्यावर चढवली. "येईन, वहिनी. पण आज नको. आज मला घास जायचा नाही." त्याने वडिलांना हात देऊन गाडीत बसवलं, त्यांची सीट सरळ केली आणि तो पायीच निघून गेला. नर्स तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

मग तिने बाईंना मागच्या सीटवर बसवलं, वॉकर डिकीत टाकला. संध्याकाळची फेरी अजून व्हायची होती. ती गाडी सुरू करणार तोच भाऊ काचेपाशी आला.

"आईला यातलं काही सांगू नकोस. तिला सोसायचं नाही."

"मी नाही सांगणार," नर्स म्हणाली. "तू सांगायचंस. रविवारी मी येईन तेव्हा तिला सगळं ठाऊक असलं पाहिजे."

"आणि नसलं तर?"

"तर तिच्यासमोर बसून तुला विचारेन, दादा, माझ्या गाडीला काय झालं होतं?"

तिने काच वर केली.