निळ्या खडूची बोटं

"दोन साक्षी, मुलाची आणि आईची, शब्दन् शब्द सारख्या. पाठ केल्यासारख्या," वकीलबाईंनी फाइल गुप्तहेराच्या टेबलावर आपटली. "माझ्या अशिलावर खुनाचा आरोप आहे आणि त्याला बुडवायला घरचेच निघालेत."

शिवणकामाच्या दुकानात या अशिलाने, म्हणजे भावाने, बहिणीच्या नवऱ्याच्या डोक्यात जड इस्त्री घातली होती. माणूस जागीच गेला. तो कात्री घेऊन ताईवर धावला म्हणून आपण मध्ये पडलो, असं भाऊ सांगत होता. पण घाव डोक्याच्या मागे होता. पाठमोऱ्या माणसाला मारणं हा बचाव नव्हे, सूड, असं पोलिसांचं म्हणणं.

गुप्तहेराने पोलिसांचे फोटो आपल्या मित्राकडे सरकवले. मित्र व्यवसायाने फोटोग्राफर. त्याला फोटोतलं सगळं दिसे, अर्थ मात्र उशिरा लागे.

"प्रेताच्या उजव्या हातात कात्री आहे की! मग प्रश्न काय?"

"आणखी काय दिसतं?"

"खुणा करायच्या खडूचा डबा उलटलाय. दोन्ही हातांची बोटं निळी. कात्रीची काळी मूठ चकचकीत आहे."

"आता हे डोक्यात शिरेपर्यंत आपण दुकानात पोचू," गुप्तहेर वैतागून म्हणाला.

दुकानात वकीलबाईंसमोर, जामिनावर सुटलेल्या भावाने कात्रीची गोष्ट पुन्हा सांगितली. आईने तीच, त्याच शब्दांत. बहीण कोपऱ्यात बसून होती. एवढ्या उकाड्यात तिने गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती. काही विचारलं की आईच उत्तर द्यायची. तिचा घसा बसलाय, सर्दी आहे म्हणे. घोटभर पाणी गिळतानाही बहिणीने डोळे मिटले.

गुप्तहेराने कपाळाला हात लावला. "आई, कात्री त्याच्या हातात तुम्ही ठेवलीत."

आईने मुलाकडे पाहिलं.

"खडू सांडल्यावर त्याने ती धरली असती, तर मूठ निळी झाली असती. हात खडूत माखले ते झटापटीत, आणि दोन्ही माखले, म्हणजे दोन्ही रिकामे होते. त्याच दोन्ही हातांनी तो हिचा गळा दाबत होता; ही ओढणी आणि बसलेला घसा तेच सांगतात. हिच्यावर वाकलेला, म्हणून भावाकडे पाठ. ज्या घावाला तुम्ही घाबरलात, तोच घाव मुलाला वाचवणार होता. गळा सुटेपर्यंत मारणं हा बचाव असतो. तुम्ही खोटी कात्री आणून खरा बचाव मातीत घातलात."

आई खाली बसली. डोक्यामागचा घाव बघून बचावावर कोण विश्वास ठेवणार, असं तिला वाटलं होतं. शिवाय लेक वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाते, हे तिला गावभर करायचं नव्हतं.

बहिणीने ओढणी सोडली. गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"आणखी एक आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ते पडल्यावर याने इस्त्री पुन्हा उचलली. मी हात धरला."

वकीलबाईंनी डोळे मिटले. "हे सांगायलाच हवं होतं का?"

"हो," गुप्तहेर म्हणाला. "आता अर्धंमुर्धं काही नको."

भावाने मान वर केली. "तेव्हा मला त्याला मारायचंच होतं."

"माहीत आहे," गुप्तहेर म्हणाला. "पण ताईने धरल्यावर थांबलास. कोर्टात तेही सांग."

भाऊ ताईशेजारी जाऊन बसला. तिने पुन्हा त्याचा हात धरला, आणि तो पहिल्यांदाच रडला.