नळीतलं मीठ

१९९६ साली मला टोकियोतल्या ओजिमात पार्टटाइम काम मिळालं, तेही शिकारीच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात. लक्ष्मीकांत, माझा नवरा, ऑफिसला गेला की फुनाबोरीच्या घरात भिंती बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं. पुण्यात शिकलेली केमिस्ट्री अशी कामी येईल असं वाटलं नव्हतं.

मालक इशिकावा-सान नळ्या सुट्या करून देत, मी त्या धूत असे. काही गिऱ्हाइकं परदेशी लष्कराच्या शिलकीतली जुनी काडतुसं वापरत. अशा काडतुसाच्या बुडाशी असलेला प्रायमर फुटला की नळीत क्षार उरतात. ते हवेतला ओलावा ओढतात आणि बघता बघता पोलाद खातात. तेलाने ते जात नाहीत, उकळतं पाणीच लागतं. मला ते काम मनापासून आवडायचं. वाफ, साबण, तापलेल्या लोखंडाचा वास आणि शेवटी उजेडाकडे धरलेली लखलखीत नळी.

जूनमध्ये मोरिता-सान नावाच्या बाई वारलेल्या नवऱ्याची रायफल ठेवायला आल्या. तिचं काय करायचं ते ठरत नव्हतं. मी नळी धुतली, कोरडी केली, तेल दिलं. इशिकावा-साननी रायफल पोलादी कपाटात कुलूपबंद केली.

सोमवारी दुकान उघडलं तेव्हा नळीत तांबूस गंज होता. माझंच काही राहिलं असेल म्हणून पुन्हा धुतली. पुढच्या सोमवारीही तेच. शेजारच्या रायफली मात्र स्वच्छ. धुवणाच्या पाण्यात मी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी दुधासारखं झालं. क्षारच होते. आणि पाण्याला बंदुकीच्या जळक्या दारूचा वास होता, ताजा.

"ही कोणी झाडली का?" मी विचारलं.

इशिकावा-साननी खिशातली किल्ली दाखवली. ज्याच्याशिवाय गोळी झाडताच येत नाही तो बोल्ट तर काढून त्यांनी घरी नेऊन ठेवला होता. नळीतून ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.

"वृंदा-सान," ते म्हणाले, "पाणी उकळायला ठेवा."

तिथल्या उन्हाळाभर, सप्टेंबरपर्यंत, आम्ही तसंच केलं. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. सोमवार त्या रायफलीचा, एवढंच. धुऊन झालं की आम्ही दोघं चहा घ्यायचो.

पानगळीच्या सुमाराला मोरिता-साननी ठरवलं, कोणाला द्यायची नाही, मोडून टाकायची. त्यांच्यासमोर नळीचे तुकडे केले. इशिकावा-सान नमस्काराला वाकले.

महिन्याभराने, एका शनिवारी, त्या पर्सिमनची फळं घेऊन आल्या. चेहरा भरला होता. एकटीला जड जातं का, असं मी रीत म्हणून विचारलं.

त्या हसल्या.

"लग्न झाल्यापासून हे रविवारी कधी घरी थांबले नाहीत. सदा डोंगरात. आता थांबतात."

चहा अर्धा ठेवून त्या उठल्या. बाजार बंद व्हायच्या आत त्यांना मासळी घ्यायची होती, दोघांपुरती.