रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

१० नोव्हेंबर, सोमवार. आभाळ सकाळपासून भरलेलं. वारा नाही, पाऊसही नाही.

ताईला असाच दिवस हवा होता. वारा असला की तिच्या शिवणखोलीची खिडकी खुळखुळते, आणि मायक्रोफोनचे कान चोंबड्या शेजारणीसारखे. नको ते आधी ऐकणार.

लोकांचे कपडे शिवणाऱ्या या बाईला गाणी रेकॉर्ड करायची हौस कधीच नव्हती. पण तिच्या धाकट्या भावाच्या, बस चालवणाऱ्या भावाच्या, घशात गाठ निघाली होती. गुरुवारी शस्त्रक्रिया होती. स्वरयंत्रच काढावं लागणार, म्हणजे आवाज कायमचा जाणार. आणि त्याची लहानगी मुलगी बापाने रचलेल्या एका अंगाईशिवाय डोळा मिटत नव्हती. ती अंगाई संगणकात धरून ठेवायची, एवढंच काम. जुना संगणक, मायक्रोफोन, हेडफोन आणि हातशिलाई करता करता बघितलेले व्हिडिओ, एवढ्या भांडवलावर ताई कामाला लागली.

खोली मात्र या कामाला नामी. भिंतींना टेकून कापडाचे तागे, दारावर रजई. आवाज घुमायला जागाच नाही.

नव्या कापडाला कात्री लावण्याआधी चिंधीवर टीप मारून बघायची, ही ताईची सवय. इथेही तिने तेच केलं. आधी रिकाम्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची आणि ती संगणकाला दाखवायची. मग शांततेत जे जे असेल, पंख्याची घरघर म्हणा, नळाची शिट्टी म्हणा, नेमकं तेवढंच तो गाण्यातून वेचून काढतो. तिने भावाला स्वयंपाकघरात कोमट पाणी पीत बसवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दार ओढून बाहेर उभी राहिली. तीन मिनिटांनी आत जाऊन ते बंद केलं आणि त्याला हाक मारली.

"काय गं, चाचणी घेतल्याशिवाय तू माणसाला आत घेतच नाहीस का?"

"गप बस. मायक्रोफोनपासून वीतभर लांब. गळा पुढे काढू नकोस."

"गळा केवढा ठेवायचा ते गुरुवारी डॉक्टर ठरवतील."

ताई हसली नाही. मग दोघांच्या वाटचं त्यानेच हसून घेतलं, आणि त्या हसण्याचा खोकला झाला.

पहिल्या दोन वेळा ओळ मध्येच तुटली. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले.

'शेवटची गाडी घरी निघाली,
रस्त्याला आता झोप आली...'

गाणं सलग झालं. आवाज खरखरीत होता, पण त्याचाच होता. तो चहाला न थांबता घरी गेला. जाताना दारात म्हणाला, "ताई, जपून ठेव हां. दुसरा नग मिळायचा नाही."

दुपारी ताईने संगणकाला शांतता दाखवली आणि गाणं साफ करायला सांगितलं. मग हेडफोन लावले.

पंख्याची घरघर जशीच्या तशी होती. गाणं नव्हतं.

ती घाबरली नाही. उसवलेली शिवण परत घालता येते, तसं संगणकावर केलेलं परत फिरवता येतं. तिने फिरवलं. गाणं परत आलं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. मग तिने शांततेचं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज वाढवला.

'शेवटची गाडी घरी निघाली...'

भावाचा आवाज. अगदी हळू, पण सलग.

तिने त्याला फोन लावला. "सकाळी स्वयंपाकघरात गुणगुणत होतास का रे?"

"छे गं. पाणी पीत होतो." त्याचा आवाज सकाळपेक्षा बसला होता. "का? बिघडलं का काही?"

"नाही, नाही. तू पड जरा."

गुणगुणलाच असेल, लक्षात नसेल, असं ताईने ठरवलं. चिंधी खराब निघाली तर दुसरी घ्यायची. आता घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने पंखा बंद केला, नळ घट्ट केला, पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दाराबाहेर उभी राहिली. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. फक्त दारावरची रजई हलकेच आत ओढली जात होती आणि सुटत होती... आत ओढली जात होती आणि सुटत होती. वारा नव्हता.

आत येऊन तिने हेडफोन लावले. या वेळी आवाज वाढवावा लागला नाही. गाणं स्पष्ट होतं, खरखर नाही, खोकला नाही. गाठ निघण्याआधी तो गायचा तसं. तिने घाईघाईने सकाळचं गाणं उघडलं. त्यात पंख्याची घरघर होती. बाकी काही नाही.

फोन वाजला. भावजय होती.

"वन्सं, हे बोलता बोलता थांबले हो. तोंड हलतंय, पण आवाज... आवाजच नाही. तुमच्याकडे गाणं झालंय ना नीट?"

ताईने पडद्याकडे बघितलं.

"झालंय," ती म्हणाली.

गुरुवारी शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. तोवर त्याच्या घशातून आवाज फुटला नाही. ताईने रिकाम्या खोलीचं दुसरं रेकॉर्डिंग भावजयीच्या मोबाइलवर घातलं. त्यानंतर ती खोली तिने पुन्हा रेकॉर्ड केली नाही.

महिनाअखेरीस भाऊ घरी आला. ताई भेटायला गेली, तेव्हा भावजय मुलीला दुपारचं निजवत होती. भाऊ गळ्याला पट्टी बांधून उशाशी बसला होता. मोबाइलवर अंगाई लावली. शेवटची ओळ संपली. जरा वेळ काहीच नाही. मग मोबाइलमधून भावाच्या आवाजाने विचारलं,

"झोपलीस का गं?"

"नाही," मुलगी म्हणाली.

आवाज हसला आणि पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागला.

"हे रोजचंच आहे, वन्सं," भावजय हळूच म्हणाली. "तुम्ही छान जमवलंत."

भावाने ताईकडे बघितलं. शेजारची पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिलं : हे मी म्हणालो नव्हतो.

गाणं दोन वाजता लावलं होतं. मुलीला झोप लागली साडेतीनला, तेव्हा ते थांबलं. रेकॉर्डिंग तीन मिनिटांचं आहे.