कुठी बसू?

एप्रिलच्या दुपारी ब्रह्मपुरीत शहाणा माणूस तीनच कामं करतो: जेवतो, झोपतो आणि कूलरमध्ये पाणी ओततो. हेमराजने चौथं काम शोधून काढलं होतं. धाकट्या भावाचा, पवनचा, जुना संगणक समोरच्या खोलीत मांडून तो त्यात रोज नवी सिस्टीम चालवून बघत होता.

सुरुवात गरजेतून झाली. त्याची बायको रंजीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आणि शाळेच्या कामाला घरात संगणक हवा होता. पवनच्या संगणकातलं विंडोज मात्र सुरू होतानाच धापा टाकायचं आणि अर्ध्यात मान टाकायचं. हेमराज कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. बिघडलेली वस्तू टाकून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. अशा थकल्या यंत्रांसाठी फुकटात मिळणाऱ्या हलक्या सिस्टीम असतात, लिनक्सच्या नाना जाती, हे त्याला नेटवर कळलं. त्याने एक चालवली, मग दुसरी, आणि मग गड्याला चटकच लागली.

"लोकं शर्ट बदलत नाई तितक्या सिस्टीम बदलून राह्यले तुमी," रंजीता म्हणायची. "एकीसंग तरी संसार करा."

"संसाराले मायची परवानगी पाह्यजे ना."

ते खरंच होतं. पवनची डिस्क काठोकाठ भरलेली. तो लग्नांचे फोटो काढायचा, ते सगळे तिच्यातच होते. नवी सिस्टीम कायमची बसवायची तर जुनं पुसावं लागलं असतं, आणि हेमराजची आई नीलाबाई त्याचं नाव काढू देत नव्हती. फोटो दुसरीकडे उतरवून घेतो म्हटलं तरी तिचं एकच: "त्याच्यातलं काईच पुसाचं नाई." म्हणून हेमराज पेनड्राइव्ह लावून सिस्टीम नुसती चालवून बघायचा. संगणक बंद केला की ती आली तशी जाते, मागे काही ठेवत नाही. पाहुणी असते, तो आईला समजावायचा. ओसरीवर टेकते, चहा पिते आणि आपल्या वाटेने लागते.

पवन दोन वर्षांपूर्वी वैनगंगेत गेला. भाद्रपदातला पूर होता, डोंगा उलटला, बाकीचे निघाले. पवन सापडलाच नाही. त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस गेल्यावर घाटावरून एक गोटा नव्या मडक्यात घालून आणायचा. आणणारा उंबऱ्याबाहेर थांबून गेलेल्याच्या वतीने विचारतो, "कुठी बसू?" आतून घरातलं मोठं माणूस म्हणतं, "बस बाप्पा, इथी बस." मग तो गोटा देवाच्या कोपऱ्यात बसवतात आणि गेलेला पुन्हा घरचा होतो. नीलाबाईने हे होऊ दिलं नव्हतं. देह पाहिल्याशिवाय आपल्या लेकराला देवात बसवायला ती तयार नव्हती. हेमराजचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी हा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा.

त्या आठवड्यात माउसची बटणं उलटी झाली. हेमराजला आधी गंमत वाटली. पवन डावखुरा, त्याच्या विंडोजमध्ये बटणं अशीच होती. पण पेनड्राइव्हवरून आलेल्या सिस्टीमला पवन कोण हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्याने बटणं सरळ केली आणि दुसरी सिस्टीम चालवली. पुन्हा उलटी. शेजारून माउस मागून आणला, तोही उलटा.

शेवटी मास्तर माणूस. त्याने खोकं उघडलं आणि डिस्कची वायरच काढून ठेवली. आता त्या यंत्रात आठवण म्हणावी असं काही उरलं नव्हतं. संगणक पुन्हा सुरू केला, तर बटणं उलटीच. कूलरच्या ओल्या गवताच्या वासात आणखी एक वास येत होता, पुराच्या गढूळ पाण्याचा. हेमराजने कूलरचं पाणी बदललं, टाकी घासून काढली. वास गेला नाही.

"दारात नदी आल्यासारखा वास येऊन राह्यला," रंजीता म्हणाली. मग तिने लगेच जीभ चावली. त्या घरात नदीचं नाव कोणी घेत नसे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने अख्खी मराठीत चालणारी सिस्टीम लावली. मराठी अगदी सरकारी थाटाची: कृपया प्रतीक्षा करा, पुढे जा, स्थापना करा. गणपतीची करावी तशी स्थापना, असं म्हणून तो एकटाच हसला. डिस्क जोडलेलीच नाही तर पुसलं काय जाणार, या हिशेबाने त्याने 'स्थापना करा'वर दाबलं. पडदा थोडा वेळ पांढरा राहिला. मग अक्षरं उमटली.

कुठी बसू?

हेमराजने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिथे 'कोठे स्थापित करावे' असं असायला हवं होतं. झाडीपट्टीच्या बोलीत सिस्टीम बनवणारा या जगात कोणी नव्हता. त्याने नेट बंद केलं. भाषा बदलून इंग्रजी केली, तर सगळा पडदा इंग्रजी झाला आणि ते दोन शब्द तसेच राहिले. पुन्हा मराठी केली. प्रश्नाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: जागा आढळली नाही.

तेवढ्यात नीलाबाई पाण्याचा लोटा घेऊन आत आली. ती दार ओलांडत असताना हेमराजची नजर पडद्यावरच होती, म्हणून त्याला ती ओळ बदलताना दिसली.

एक जागा आढळली. तेथील जुने सर्व पुसले जाईल.

"माय, जराशी बाहेर जा बरं."

"काऊन? पानी आनलं तुह्यासाठी."

"जा ना माय."

ती गेली. जागा आढळली नाही. त्याने तिला परत आत बोलावलं. एक जागा आढळली. मग रंजीताला हाक मारली. ती येऊन उभी राहिली, दोघांकडे बघत राहिली, पण एकाच्या दोन जागा झाल्या नाहीत. पुन्हा आईला बाहेर पाठवलं, पुन्हा बोलावलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि त्याचे हात गार पडले होते. इतकी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, पूर आला त्या दिवशीही नाही.

"हे काय खेळ लावले भरदुपारी?" रंजीता म्हणाली. "आईले बसू द्या ना." ती चहा ठेवायला आत गेली.

नीलाबाई पडद्याजवळ आली. चौथीपर्यंत शिकलेली होती. बोट ठेवून वाचायची. तिने काचेवर बोट ठेवलं.

"कु... ठी... ब... सू."

"वायर ढिली झाली माय, कायबी येते त्याच्यात. सरक, बंद करतो."

तिने त्याचं मनगट धरलं. त्या वयाला शोभणार नाही अशी पकड होती.

"पवन इचारून राह्यला."

"माय, खाली काय लिवलं ते वाच. जुनं पुसलं जाते म्हणते."

"माह्यापाशी जुनं काय हाये आता?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दोन वर्सं झाले. लेकरू दारात उभं हाये, अन् मी त्याले बस म्हटलं नाई."

"तुह्यापाशी मी हावो ना, माय."

तिने ऐकलं. पकड क्षणभर सैल झाली, आणि त्याला वाटलं, वाचलो.

मग तिने पदर डोक्यावर घेतला.

"बस बाप्पा," ती म्हणाली. "इथी बस."

तिने कशालाही हात लावला नाही. पडद्यावर निळी पट्टी उमटली आणि डावीकडून भरत निघाली.

हेमराजने झेप घेऊन भिंतीतली पिन उपटली. कूलर त्याच बोर्डावर होता, तोही थांबला. खोली एकदम शांत झाली.

पट्टी भरत राहिली.

पिन त्याच्या हातात होती. त्याने पडद्याची वायरही ओढून काढली. निळी रेघ शेवटपर्यंत गेली, टोकाला टेकली, आणि मगच पडदा काळा झाला.

नीलाबाई खुर्चीत बसली. "झोप येऊन राह्यली," एवढंच म्हणाली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. श्वास संथ होता. हेमराजने नाडी बघितली, कपाळाला हात लावला, सगळं ठीक होतं. पुराचा वास पार निघून गेला होता. रंजीता चहा घेऊन आली तेव्हा तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला होता, आणि विचारल्यावर आईला उन्हाने घेरी आली म्हणाला.

दिवेलागणीला आई उठली. चेहरा टवटवीत होता. रंजीताने तसं बोलूनही दाखवलं. उठल्या उठल्या ती घरभर फिरून आली, प्रत्येक खोलीत डोकावली, मागचं अंगण बघून आली. काय शोधते ते बोलली नाही. हेमराज तिच्या मागे मागे फिरत होता. तिने थांबून त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि हसली.

"दादा, केस पांढरे झाले ना तुहे."

आया लेकाला लाडाने दादा म्हणतातच. हेमराजने स्वतःला तसं सांगितलं. ते ऐकून रंजीताही हसली.

जेवायला तिघं बसली. आईने भाताचे भराभर घास घेतले, दोन दिवसांची भुकेली असल्यासारखे, आणि मध्येच थांबून दाराकडे बघितलं. बाहेर अंधार पडला होता.

"वैनी," ती रंजीताला म्हणाली, "मायचं ताट झाकून ठेव. थे आली नाई अजून."