रिकाम्या सभागृहाचा घुमारा

घरीदारी सगळे तिला कानसेन म्हणत. हे नाव मामांनी तिच्या लहानपणी ठेवलं आणि ते असं चिकटलं की लग्नानंतर सासरीही तिच्या मागोमाग आलं. शेजारचा फ्रिज कुठल्या सुरात घुरघुरतो, जिना चढून येणारा माणूस कुठल्या पायाने अधू आहे, हे ती पुस्तकातून डोकं वर न काढता सांगे. नवरा म्हणायचा, "हिच्यापासून फक्त विचार लपवता येतात, तेही फार जोरात केले नाहीत तर."

धंदाही कानाचाच होता. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या जुन्या रचना घ्यायच्या, त्यातल्या बासऱ्या, तुताऱ्या, नगारे ही सगळी मंडळी सिंथेसायझरवर उभी करायची आणि त्यांच्या पुढ्यात चार खरी तंतुवाद्यं बसवायची. तिचं गणित साधं होतं. चार खरे गज तारेवर घासले जात असले की मागच्या पन्नास खोट्यांना कान माफ करतो. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही हे तिला ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायला ती कधी लाजली नाही.

त्यामुळे नृत्यसंस्थेच्या संचालिकेने जेव्हा दोनशे वर्षांपूर्वीची एक सिंफनी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "मला डबाबंद आवाज नको. डोळे मिटले की समोर अख्खा वाद्यवृंद बसलेला दिसला पाहिजे," तेव्हा कानसेन एवढंच म्हणाली, "दिसेल."

"नाही दिसला तर मी कुठलं तरी तयार रेकॉर्डिंग लावीन. मग रागावू नका."

"तुम्ही डोळे मिटायची तयारी ठेवा. बाकी माझ्यावर सोडा."

खरी गोष्ट अशी की हे काम तिला मामांसाठी हवं होतं. मामा शहरातल्या जुन्या वाद्यवृंदात उभा जन्म व्हिओला वाजवत होते. तो वाद्यवृंद बंद पडला तेव्हापासून त्यांचा व्हिओला पेटीतच पडून होता. बोटं आखडली होती, गज धरला की हात थरथरायचा. "एकदा शेवटचं नीट वाजवून घेतो, मग सुखाने ऐकणाऱ्यांत बसेन," असं ते म्हणाले होते, आणि तिने शब्द दिला होता.

वाद्यवृंदाचं जुनं सभागृह पाडायला काढलं होतं. आतलं सामान आधीच हलवलेलं. एका सकाळी कानसेन नवऱ्याला घेऊन तिथे गेली. नवरा ध्वनिमुद्रक. दोघांनी रंगमंचावर माइक लावले आणि एकेक फुगा फोडला. फट् झालं की तो आवाज छतापर्यंत जायचा, बाल्कनीच्या कठड्यांवरून घरंगळत यायचा आणि लांबवर विरत जायचा. तेवढा घुमारा त्यांनी टिपला. एकदा तो संगणकात घेतला की कुठलाही कोरडा आवाज त्यात बुडवून काढता येतो. बंद खोलीत वाजवलेलं व्हायोलिन मग त्या सभागृहात वाजल्यासारखं ऐकू येतं. इमारत पडली तरी तिचा आवाज उरतो.

"साडेतीन सेकंद," नवरा हेडफोन काढत म्हणाला. "रिकामं आहे म्हणून एवढा लांब. पण काय देखणा आहे."

"घे. सगळा घे," ती म्हणाली.

रेकॉर्डिंग घराच्या गॅरेजमध्ये होतं. भिंतींना जाड नमदा ठोकलेला, दाराला दुहेरी पडदा, जमिनीवर वायरींची गुंतवळ. दोन व्हायोलिनवर दोघी बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी; चेलोवर एक उंच, अबोल गृहस्थ, ज्याला सगळे खांब म्हणत; आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मामा. खोली इतकी कोरडी की बोललेला शब्द ओठांवरच मरायचा. म्हणून चौघांच्या हेडफोनमध्ये सिंथेसायझरचा वाद्यवृंद सोडला होता आणि सगळ्याला त्या सभागृहाचा घुमारा दिला होता.

मामांनी हेडफोन चढवला, एक सूर ओढला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

"हे आपलंच सभागृह," ते म्हणाले. "रिकामं. सकाळच्या तालमीला असायचं तसं."

त्या दिवशी सिंफनीचा पहिला भाग झाला. मामांचा हात दोनदा थरथरला. कानसेनने ते तुकडे पुन्हा घेतले आणि कुणाला काही जाणवू दिलं नाही. संध्याकाळी पक्का ट्रॅक तयार करून तिने तो संचालिकेला पाठवला. "ठीक," एवढंच उत्तर आलं. कानसेनला 'ठीक'ची सवय नव्हती.

दुसऱ्या भागाच्या वेळी नवऱ्याने काचेपलीकडून विचारलं, "घुमारा कमी केलास का गं?"

"मी कशाला करीन? तूच काहीतरी दाबलं असशील."

"मी हात लावलेला नाही."

दोघांनी एकमेकांवर ढकलून पाहिलं. मग तिने मोजलं. घुमारा पावणेतीन सेकंदांत विरत होता. तिने मूळ फाइल उघडली, तीही तेवढीच. पहिल्या दिवशी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलेली नक्कल उघडली, तीही तेवढीच. पण पहिल्या भागाचा जो ट्रॅक आधीच पाठवून झाला होता, त्याच्या शेवटच्या सुरामागे घुमारा अजून लांबलचक वाहत होता. म्हणजे त्या दिवशीचं मोजमाप चुकलेलं नव्हतं.

नवऱ्याला ते आवडलं नाही. कानसेन मात्र खुर्ची पुढे ओढून, डोळे मिटून ऐकत बसली. एखादं यंत्र बिघडलं की आवाज एकसारखा बिघडतो. इथे तसं नव्हतं. डावीकडचा वरचा कोपरा बोथट झाला होता, उजवीकडचा अजून लखलखीत होता.

"डावी बाल्कनी," ती म्हणाली. "डाव्या बाल्कनीने आवाज प्यायलाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. ऐकू येतं ते सांगते."

पण तिला पुरतं कळलं होतं. सभागृह शिकताना पहिला धडा हाच असतो. रिकामं असलं की आवाज लांबतो; माणसं बसली की आखूडतो. अंगावरचे कपडे, केस, नुसती शरीरं आवाज पिऊन टाकतात.

चहाच्या सुट्टीत तिने मामांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या वेळी लोक आधी कुठे बसायचे?"

"डाव्या बाल्कनीत. जिना त्या बाजूला होता ना," मामा म्हणाले, आणि बशीत चहा ओतून फुंकर मारू लागले.

तिसऱ्या भागापर्यंत उजवीकडचीही लखलख गेली. खालचे सूर उबदार झाले, वरचे मऊ. मऊपणाही साधा नव्हता. जाड कापड असावं तसा होता, लोकरीचे कोट अंगात घालून बसल्यासारखा. बाहेर उन्हाळा होता आणि गॅरेजात पंखा लावता येत नव्हता म्हणून सगळे घामाघूम झाले होते.

वाजवणाऱ्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तरी थोरली त्या दिवशी पाठ ताठ करून बसली. खांब वाजवण्याआधी रुमालाने बोटं पुसू लागला. भाग संपला तेव्हा चौघांपैकी कुणीच गज खाली आणला नाही. शेवटचा घुमारा पार विरेपर्यंत चारही गज हवेत तसेच राहिले आणि त्यानंतरही काही क्षण खाली आले नाहीत. मग धाकटी संकोचून हसली.

"कसली वाट बघत होतो आपण?" ती म्हणाली.

खांबाने गज पेटीत ठेवला.

मामांचा हात एकदाही थरथरला नव्हता.

कानसेन त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, आज तुम्ही वीस वर्षांपूर्वीसारखे वाजवलेत. काय केलंत?"

"मी काय करणार? रिकाम्या सभागृहात हात कापतो, बाळ. भरल्यात कापत नाही. तिथे कापून चालतच नाही."

"तुम्हाला भरलेलं वाटतं?"

"कान तुझे," मामा म्हणाले. "मी बापडा वाजवणारा."

दुसऱ्या दिवशी ती सभागृह पुन्हा मोजायला निघाली. डोक्यात काही शंका राहिली की ती मोजून संपवायची, ही तिची रीत. जागेवर पत्र्याचं कुंपण होतं. आत विटांचे ढीग आणि एक खोदयंत्र. मुकादमाने सांगितलं, तुम्ही फुगे फोडून गेलात त्याच दुपारी पाडायला घेतलं होतं. पहिली डावी बाजू गेली.

"बाल्कनी?"

"हो. मग उजवी. काल छत आलं खाली." त्याने हातातली काठी पत्र्यावर टेकवली. "तुम्ही काही विसरला होतात का आत?"

"नाही," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. नवरा दारातच उभा होता. "हे सोड," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या तरी हॉलचा घुमारा घेऊ. माझ्याकडे डझनभर पडलेत."

"आणि मामांनी पुन्हा वाजवायचं? थरथरत्या हाताने?"

"त्यांनी वाजवलेलं तसंच राहील. फक्त हॉल बदलू."

"त्या हॉलसाठी वाजवलंय ते. बदलून बघितलं मी. चार माणसं गॅरेजात बसलीत हे लगेच कळतं." ती खुर्चीवर बसली आणि हेडफोन हातात घेतला. "अरे, लोक भरलेल्या सभागृहासाठी जीव टाकतात. आपल्याला घरबसल्या मिळालंय. तक्रार कसली करतोस?"

"मिळालंय कुणाकडून, ते विचारतोय."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग हेडफोन कानावर चढवला. पहिले दोन्ही भाग तिने त्याच घुमाऱ्यात नव्याने बुडवून काढले आणि तिन्ही भाग सलग जोडले. आता तो दीड सेकंदावर स्थिरावला होता. त्याहून खाली जात नव्हता. तुडुंब भरलेलं सभागृह तेवढंच देतं.

संचालिकेने तालमीच्या खोलीत ते डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर बराच वेळ उघडले नाहीत.

"दिसला?" कानसेनने विचारलं.

"वाद्यवृंद दिसला," संचालिका म्हणाली. मग दंडावरून हात फिरवत पुढे म्हणाली, "पण मला वाटलं मी रंगमंचावर आहे. वाद्यवृंदाच्या मागे उभी आहे आणि समोर..." ती थांबली. "काम उत्तम झालंय. हेच लावू."

पहिला प्रयोग दुपारचा होता, एका नव्या नाट्यगृहात. खुर्च्या माणूस उठला की आपोआप मिटणाऱ्या. कुणी उभं राहिलं की मागे ठक् असा आवाज यायचा. दुपार असल्यामुळे गर्दी बेताची होती. मधल्या काही रांगा भरल्या होत्या, बाकी खुर्च्या मिटलेल्या, बाल्कनी अंधारी. कानसेन मामांशेजारी बसली. मामांनी नवा सदरा घातला होता आणि ते खुशीत होते. नवरा आला नव्हता. डोकं दुखतं म्हणाला.

पडदा वर गेला. सिंफनी सुरू झाली. पहिला लांब सूर आला तेव्हा मामांनी तिच्या हातावर हात ठेवला. तो सूर त्यांचा होता, आणि तो खरोखर सुरेख आला होता. शब्द पाळला गेला होता. तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो तिने चांगला चाखून घेतला.

दुसऱ्या भागात तिचे कान टवकारले. आवाज मंद होत होता. रेकॉर्डिंगमधला घुमारा जसा होता तसाच होता. फरक या नाट्यगृहात पडत होता. नर्तिकांच्या पावलांचे आवाज पहिल्यांदा टणक येत होते, ते आता कापूस घातल्यासारखे येऊ लागले. तिने मागे वळून बघितलं. अंधारात काही दिसलं नाही.

ध्वनियंत्रावरच्या माणसाने काहीतरी फिरवलं असणार. ती मामांच्या कानात "आलेच" म्हणाली, उठली आणि वाकून बाहेर पडली.

ध्वनियंत्राची खोली जिन्यावर होती. तिथला माणूस हाताची घडी घालून बसला होता.

"वरचे सूर का दाबलेत?"

"काहीच दाबलं नाही, ताई. सुरुवातीला ठेवलं तसंच आहे." त्याने पट्ट्या दाखवल्या. खरंच तसंच होतं. "उलट मीच विचारणार होतो," तो म्हणाला, "आतली हवा एकदम कोंदट का झाली?"

ती खाली आली. तिसरा भाग सुरू झाला होता. दाराशी द्वारपाल उभा होता. तिने दाराला हात घातला तसा तो आडवा आला.

"आत जागा नाही, ताई."

"माझी खुर्ची आहे. मघाशी इथूनच बाहेर आले मी."

"हो, बघितलं ना." तो अवघडला. "पण आता उभं राहायलाही जागा नाही."

"अर्धं नाट्यगृह रिकामं आहे."

द्वारपाल जागचा हलला नाही. त्याची पाठ दाराला टेकलेली होती आणि तो एकदाही मागे वळून बघत नव्हता. तिने त्याला हळूच बाजूला केलं आणि दार बोटभर उघडलं. आतून ऊब आली. लोकरीचा वास आला.

मधल्या रांगांत माणसं होती, मघाशी होती तेवढीच. बाकी कुणी नव्हतं.

पण एकही खुर्ची मिटलेली नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्या खाली दबलेल्या होत्या, बाल्कनीतल्याही.

मामा दोन्ही कोपरं अंगाशी घेऊन, दाटीत बसतात तसे बसले होते. त्यांच्या शेजारची, तिची, खुर्चीही खाली होती. मामा त्या खुर्चीकडे वाकले, हसले, हळू आवाजात काहीतरी बोलले.

मग त्यांनी कान पुढे केला, ऐकून घेतलं आणि मान डोलावली.